क्राउन कितीचा घ्यायचा?

नाशिकला आडगावच्या ट्रक टर्मिनलवर नवी गाडी उभी राहिली की भोवती जमलेल्यांचे प्रश्न ठरलेले असतात. हॉर्सपॉवर किती, पासिंग किती टन, टायर कोणते, हप्ता किती. मागच्या हौसिंगमध्ये क्राउन-पिनियन कितीचा आहे, हे विचारणारे थोडेच. मला हे फार खटकतं. गाडी घाटात दम टाकेल का, सपाटीला इंजिन किती फिरेल आणि महिनाअखेरीस डिझेलचं बिल किती येईल, यातलं बरंचसं त्या एका आकड्यावर आणि त्याच्या जोडीच्या गिअरबॉक्सवर ठरतं.

आकडा समजायला अवघड नाही. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागायचं. पिनियनला 6 आणि क्राउनला 37 दात असतील तर 6.17, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट 6.17 वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. 7 आणि 41 दातांचा 5.86. 9 आणि 37 दातांचा 4.11. आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त आणि वेग कमी. 37 किंवा 41 अशा संख्या मुद्दाम निवडतात. त्यांना पिनियनच्या दातांनी भाग जात नाही, त्यामुळे पिनियनचा एक दात क्राउनच्या त्याच त्या दातांवर सारखा येत नाही आणि झीज सगळीकडे सारखी पसरते.

या आकड्यावरून ट्रान्सपोर्टच्या धंद्यात दोन तट आहेत. ते मी इथे एका मामाच्या आणि भाचीच्या तोंडी घातले आहेत. मामांनी तरुणपणी जुन्या 3 नंबरच्या मुंबई-आग्रा रस्त्यावर स्वतः गाडी हाकली; आता ते मालक आहेत. भाची मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि मामांच्या ऑफिसात बसून गाड्यांच्या खेपा आणि डिझेल यांचा हिशेब ठेवते. नवी दहा टायर गाडी घ्यायची आहे. समोर दोन पर्याय आहेत: 6 गिअरचा बॉक्स आणि 5.86 चा क्राउन, किंवा 9 गिअरचा बॉक्स आणि 4.11 चा क्राउन.

मामा : यात विचार करण्यासारखं काही नाही. 5.86 घ्यायचा. 6.17 मिळाला असता तर तोच घेतला असता. आपल्याला पहिला विचार घाटाचा. कसाऱ्याहून इगतपुरीला यायचं म्हणजे सुमारे 300 मीटर वर यायचं. रेल्वेचं बघ. थळ घाटात 37 ला 1 असा चढ आहे, तर गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. आपल्या ट्रकला मागून रेटा द्यायला कोण आहे? मुंबईहून लोखंड भरून गाडी निघाली, घाटात पुढचा थांबला म्हणून आपण थांबलो आणि परत उचलताना गाडी उचललीच नाही, तर क्लच प्लेट जळाली म्हणून समज. प्लेट, मजुरी, क्रेन आणि वर बुडालेली खेप.

भाची : मामा, गाडी उचलण्याचं काम एकटा क्राउन करत नाही. पहिला गिअर आणि क्राउन यांचा गुणाकार करतो. समजा, 6 गिअरच्या बॉक्सचा पहिला गिअर 9 चा आहे. 9 गुणिले 5.86 म्हणजे 52.7. 9 गिअरच्या बॉक्समध्ये सगळ्यात खालचा गिअर 12.7 चा असेल, तर 12.7 गुणिले 4.11 म्हणजे 52.2. इंजिन तेच असेल तर चाकावर येणारा जोर जवळजवळ सारखाच. तुमची ओढ कुठेही गेलेली नाही. ती मागच्या हौसिंगमधून पुढच्या बॉक्समध्ये आली, एवढंच.

मामा : मग दोन्ही सारखंच झालं की. 9 गिअरच्या बॉक्सचे जादा पैसे कशासाठी मोजायचे?

भाची : वरच्या गिअरसाठी. 10.00-20 च्या टायरचा एक फेरा म्हणजे साधारण 3.2 मीटर. गाडी ताशी 80 किलोमीटरनं चालली तर मिनिटाला 1333 मीटर जाते, म्हणजे चाक मिनिटाला 416 वेळा फिरतं. टॉप गिअर डायरेक्ट, म्हणजे 1 ला 1 धरा. 5.86 च्या क्राउनवर इंजिन 2440 च्या आसपास फिरेल. 4.11 वर 1710. रस्ता तोच, माल तोच, वेग तोच, आणि इंजिनाला मिनिटाला 700 फेरे कमी. जितके फेरे जास्त तितकं डिझेल पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, पंप आणि पंखा फिरवण्यातच जातं. त्यातून चाकाला काही मिळत नाही.

मामा : 80 नं गाडी हाकायला सांगितलंय कोणी? आमच्या वेळी आग्रा रोड दुपदरी होता. भरलेली गाडी 50 नं चालायची. 6.17 च्या क्राउनवर त्या वेगाला इंजिन 1600 वर गुणगुणत असायचं. डिझेलही बेतात आणि गाडीही निवांत.

मामांचं हे बोलणं बाजूला सारण्यासारखं नाही. 6.17 चा क्राउन चुकीचा कधीच नव्हता. तो त्या रस्त्याचा क्राउन होता. 50 च्या वेगाला 1600 फेरे ही डिझेल इंजिनाची चांगली जागा. बदलला तो रस्ता. आग्रा रोड चौपदरी झाला. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा जून 2025 मध्ये. 701 किलोमीटरच्या त्या रस्त्याला ना सिग्नल, ना आडवा रस्ता. अवजड वाहनांना तिथे 80 ची मर्यादा आहे. सिन्नरजवळ गाडी वर चढली की ती तासन् तास एकाच गिअरमध्ये चालते. आता त्या एका गिअरला इंजिन किती फिरतं हाच मुख्य खर्च झाला आहे.

भाची : मामा, तुमच्या 50 च्या गोष्टीत एक मोठं सत्य आहे, ते मी मान्य करते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. 60 चे 80 केले तर वेग तिसऱ्या हिश्शानं वाढतो, पण वाऱ्याचा विरोध पावणेदोन पटीच्या वर जातो. 28 टनांच्या गाडीला सपाटीवर 60 नं चालायला जी ताकद लागते, तिच्या दीडपटीहून जास्त 80 ला लागते. म्हणून ड्रायव्हरला 65 ची सवय लावली तर कुठल्याही क्राउनवर डिझेल वाचेल.

मामा : हेच तर मी सांगतोय!

भाची : पण 65 ला सुद्धा दोन्ही क्राउन सारखे नाहीत. 5.86 वर इंजिन 1980 फिरतं, 4.11 वर 1390. आत्ताच्या टर्बो इंजिनांचा खरा जोर 1200 ते 1600 च्या पट्ट्यात असतो. 4.11 वर तुमचा 65 चा निवांत वेग अगदी त्या पट्ट्यात बसतो. युरोपातले लांब पल्ल्याचे ट्रॅक्टर तर अडीच ते पावणेतीनच्या क्राउनवर चालतात आणि इंजिन हजार-बाराशेवर ठेवतात. तेवढं खाली जाणं आपल्याला झेपणार नाही. आपल्या गाड्यांना टनामागे ताकद कमी आणि रस्त्यात ट्रॅक्टर, बैलगाडी, स्पीडब्रेकर सगळंच. पण 5.86 वर अडून राहायचंही कारण नाही.

मामा : बरं. मग तुझा 4.11 नको आणि माझी 6 गिअरची पेटीही नको. क्राउन 5.86 चाच ठेवू आणि ओव्हरड्राइव्हचा बॉक्स घेऊ. खाली ओढ, वर पळ.

हा मामांचा तोडगा या सगळ्या वादातला मला सगळ्यात हुशारीचा वाटतो, कारण गणितानं तो बरोबर आहे. ओव्हरड्राइव्हमध्ये टॉप गिअर 0.70 चा असेल तर 0.70 गुणिले 5.86 म्हणजे 4.10. इंजिनाचे फेरे अगदी 4.11 इतकेच खाली येतात. मग फरक कुठे आहे?

भाची : फरक बॉक्सच्या आत आहे. डायरेक्ट गिअरमध्ये जोर मेन शाफ्टमधून सरळ मागे जातो, मधल्या शाफ्टच्या दातांवर भार येत नाही. ओव्हरड्राइव्हमध्ये तो आधी मधल्या शाफ्टवर उतरतो आणि परत मेन शाफ्टवर चढतो. दातांच्या दोन जोड्यांमधून जाताना थोडी ताकद उष्णता होऊन वाया जाते. टक्का-दोन टक्क्यांची गोष्ट, पण ज्या गिअरमध्ये गाडीचं आयुष्य जाणार त्याच गिअरमध्ये ती सतत जाते. शिवाय प्रोपेलर शाफ्ट जास्त वेगानं फिरतो, म्हणजे त्याचा बॅलन्स आणि जॉइंट नीट ठेवावे लागतात. उलट बाजूही सांगते. 4.11 मध्ये शाफ्ट हळू फिरतो, पण तीच ताकद पोचवताना त्याच्यावर पीळ जास्त येतो. तिथे कंपनीनं दिलेल्या मापाचेच जॉइंट हवेत, बाजारातला हलका माल चालणार नाही. आपली गाडी निम्मा वेळ कच्च्या रस्त्यावर आणि निम्मा हायवेवर असती, तर मी तुमचा ओव्हरड्राइव्हच घेतला असता. आपली गाडी बहुतेक हायवेवर असते.

मामा : हायवे, हायवे. अगं, कांदा हायवेवर पिकतो का? लासलगाव, पिंपळगावच्या मार्केटातून माल निघतो, तो ठीक. पण द्राक्षाच्या हंगामात गाडी बांधापर्यंत न्यावी लागते. काळी माती, वर पाऊस पडलेला, आणि गाडी भरून त्या पाणंदीतून बाहेर काढायची. आणि 2018 मध्ये सरकारनं पासिंग वाढवलं, मागच्या दोन ॲक्सलच्या जोडीला 19 टनांवरून 21 टन केले. वजन वाढलं की ओढ आधी बघायची.

भाची : म्हणून तर 9 गिअरच्या बॉक्सला खाली 12.7 चा गिअर आहे. तो रोज लागतच नाही. बांधावर, मार्केटच्या उतरणीवर आणि घाटात अडकल्यावरच लागतो. पण त्या गिअरनं हायवेच्या क्राउनला शेतातून बाहेर काढलं. आणि घाटात गाडी कुठल्या वेगानं चढणार हे क्राउन ठरवत नाही, ते हॉर्सपॉवर ठरवते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात डोंगराळ भागात 20 ला 1 हा नेहमीचा चढ मानला आहे. त्या चढावर 28 टनांची, 180 हॉर्सपॉवरची गाडी ताशी 25 च्या आसपास चालेल. क्राउन 4 चा लावा नाहीतर 7 चा, 25 चे 35 होणार नाहीत. त्यासाठी 250 हॉर्सपॉवर लागेल.

मामा : म्हणजे घाटात क्राउनचा काहीच संबंध नाही?

भाची : संबंध आहे, तो हाताशी योग्य गिअर आहे की नाही याचा. 6 गिअरमध्ये दोन गिअरांतलं अंतर मोठं असतं. 2200 वर गिअर बदलला की इंजिन 1400 वर पडतं, चढावर तेवढ्यात गाडीचा वेग मोडतो आणि ड्रायव्हर पुन्हा खाली येतो. मग एका गिअरमध्ये इंजिन किंचाळतं आणि वरच्या गिअरमध्ये धापा टाकतं. 9 गिअरमध्ये ते 1600 पर्यंतच पडतं. मधली पायरी मिळते.

मामा : पायऱ्या मिळतात, पण चढणारा पाहिजे ना. 9 गिअर, हाय-लोचं बटण. ड्रायव्हर चुकीच्या वेळी बटण मारतो आणि सिंक्रो खातो. नाहीतर आठव्यातच गाडी ओढत राहतो. आणि 4.11 वर टॉपमध्ये 40 नं चालवत बसला तर इंजिन ठोकायला लागतं. हे तुझ्या कागदावर कुठेच येत नाही.

या मुद्द्यावर मी पूर्णपणे मामांच्या बाजूचा आहे. वेगवान क्राउन आणि जास्त गिअर हे शिकवलेल्या ड्रायव्हरचं हत्यार आहे. 4.11 वर ताशी 40 ला टॉपमध्ये इंजिन 860 फेऱ्यांच्या आसपास येतं. तिथे जोर नसतो. भार टाकला की क्लच, जॉइंट आणि क्रँक सगळ्यांना झटके बसतात. नव्या गाडीला लाखो रुपये घालणारा मालक ड्रायव्हरच्या दोन दिवसांच्या शिकवणीला वेळ नाही म्हणतो, तेव्हा गाडी निवडण्यातली सगळी अक्कल पाण्यात जाते.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला नाशिकपुरती सगळ्यात महत्त्वाची वाटते. घाट म्हटलं की आपण चढ बोलतो. पण नाशिकचा माल घाट उतरतो. द्राक्षांचा थंड कंटेनर न्हावाशेवाला निघाला की तो भरलेला उतरतो. उत्तरेला जाणारा कांदा चांदवडपुढे राहुड घाट उतरतो आणि मग सेंधव्याच्या अलीकडे बिजासन चढतो. मामांना हे अनुभवानं माहीत आहे.

मामा : हे बाकी खरं. कसारा चढताना गाडी बंद पडली तर नुकसान होतं. उतरताना ब्रेक गेला तर माणूस जातो. जुना क्राउन गाडीला धरून ठेवायचा. पाय काढला की गाडी जागेवर. तुझा 4.11 मोकळा सोडतो.

भाची : त्याच गिअरमध्ये सोडतो, हो. म्हणून एक गिअर खाली घ्यायचा. इंजिन गाडीला धरून ठेवतं ते सगळ्या गुणाकारानं, आणि 9 गिअरमध्ये हवा तो गुणाकार मिळतो. ज्या गिअरनं घाट चढाल त्याच गिअरनं उतरा, हा तुमचाच नियम. उतरणीवर किती ऊर्जा असते ते सांगते. 28 टनांची गाडी 300 मीटर खाली आली की जी ऊर्जा सुटते, ती 260 लिटर पाण्याला उकळी आणायला पुरेल. त्यातली काही टायर आणि वारा खातो. उरलेली ब्रेकच्या लायनरमध्ये जाते, नाहीतर इंजिनात आणि एक्झॉस्ट ब्रेकमध्ये. लायनर एवढे तापतात की धरतच नाहीत, पाय पूर्ण दाबला तरी.

मामा : आणि पोरं न्यूट्रल मारतात. डिझेल वाचतं म्हणे.

भाची : वाचत नाही, मामा. आत्ताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडणं बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल सोडावं लागतं. आपल्या सातपूरला, ज्याला सगळे अजून मायको म्हणतात त्या बॉशच्या कारखान्यात हे इंजेक्टर बनतात. नाशिकच्या ड्रायव्हरला तरी हे माहीत असायला हवं.

इथे मामा गप्प झाले, आणि माझ्या मते वादाचा निकाल इथेच लागतो. समृद्धीवर इगतपुरीजवळ जवळपास 8 किलोमीटरचा जोडबोगदा झाला, त्यानं घाटाची वळणं टळली. उतार टळलेला नाही. 300 मीटरचा फरक डोंगरात आहे, तो कुठल्याही रस्त्यानं उतरावाच लागतो. टोल वाचवायला जुन्या घाटानं जाणाऱ्या गाड्याही राहणारच.

मामा : मग डंपरला पण हाच 4.11 घेऊ म्हणशील. सिंहस्थाची कामं आहेत, खडी-मुरूम वाहायला गाडी लागणार आहे.

भाची : नाही. तिथे तुमचंच खरं. खाणीतून भरून वर यायचं, दहा-पंधरा किलोमीटर जायचं, रिकामी परत. ती गाडी 80 ला कधी जाणारच नाही. तिथे 6.17 च काय, चाकाच्या हबमध्येच दुसरी रिडक्शन असलेला ॲक्सल घ्यावा, म्हणजे क्राउन आणि ॲक्सल शाफ्टवरचा पीळ कमी होतो. डंपरला 4.11 देणं आणि नागपूर लाइनला 6.17 देणं, दोन्ही सारखंच चुकीचं.

मामा : आणि टायर? मी मागच्या गाडीला लहान साइझचे टाकले होते, स्वस्त मिळाले म्हणून.

भाची : तुम्ही तेव्हा न सांगता क्राउनच बदललात. टायरचा फेरा 5 टक्क्यांनी कमी झाला की इंजिनाचे फेरे 5 टक्क्यांनी वाढतात, आणि किलोमीटरचा आकडाही खोटा वाढतो. ॲव्हरेज बरं दिसतं, बिल मात्र वाढलेलं असतं.

माझं मत स्पष्ट आहे. नाशिकहून मुंबई, नागपूर, इंदूर अशा लाइनवर चालणाऱ्या दहा किंवा बारा टायर गाडीला आज 4.11 च्या आसपासचा क्राउन आणि 9 गिअरचा बॉक्स हीच योग्य जोडी आहे. सोबत चालू स्थितीतला एक्झॉस्ट ब्रेक आणि शिकलेला ड्रायव्हर हवा. 4.11 आणि 6 गिअर ही जोडी मात्र भरल्या गाडीला घेऊ नये. तिच्यात ना खाली ओढ उरते ना मधल्या पायऱ्या. गावातल्या गावात, खाणीवर, उसाच्या फडात चालणाऱ्या गाडीला मामांचा मोठा आकडाच शोभतो. अर्धी लाइन, अर्धं शेत अशी गाडी असेल तर 5.86 वर ओव्हरड्राइव्ह.

गाडी घ्यायला जाणाऱ्या प्रत्येक मालकाला माझी विनंती आहे. शोरूमला जाताना मागच्या वर्षाची खेपांची वही बरोबर न्या: गाडी कुठे भरली, कुठे रिकामी आली, किती किलोमीटर हायवे आणि किती कच्चा रस्ता. आणि कोटेशनवर चार आकडे लिहून मागा: पहिला गिअर, टॉप गिअर, क्राउन आणि टायरचा साइझ. डीलर सांगत नसेल तर बुकिंगचे पैसे देऊ नका.